गाणं बांधायची आमच्या पातीवरची रीत

आमच्याकडे गाणं लिहिलं असं कोणी म्हणत नाही, बांधलं म्हणतात. कडब्याचा भारा बांधतात तसं. आधी दोरी अंथरायची, मग पेंढ्या रचायच्या आणि शेवटी गुडघा देऊन आवळायचं. भारा बांधणारी एक असते, तो डोक्यावर नेणारी दुसरीच असते. तिच्या डोक्यावर तो सुटला, तर बांधणारीला बोल लागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. घरचं चार एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, तूर आणि आता सोयाबीन. गेल्या बावीस-तेवीस वर्षांत मी दीडेकशे गाणी बांधली असतील. त्यातली तीसेक लोकांच्या तोंडात राहिली, बाकीची वहीतच मेली. मागच्या महिन्यात बचत गटातल्या दोन पोरी घरी आल्या. म्हणाल्या, "काकू, आमाले बी गानं बांधाचं हाय. कसं करता वं तुमी?" त्यांना चहाच्या कपात जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं इथं लिहिते.

आधी काम पाहा

पोरींचा पहिला प्रश्न होता, आधी चाल की आधी शब्द? माझं उत्तर असं की आधी काम. गाणं कोण म्हणणार, काय करता करता म्हणणार, हात मोकळे आहेत का, श्वास किती उरतो, हे ठरल्याशिवाय वही उघडू नये.

निंदणाला बाया उकिडव्या बसून पुढं सरकतात. पोट दाबलेलं असतं, श्वास पुरत नाही. तिथं लांबलचक ओळ चालत नाही. आठ अक्षरं, मग दम, पुन्हा आठ अक्षरं. कापूस वेचताना बाई उभी असते, ओटी जड होत जाते, पण छाती मोकळी असते. तिथं ओळ थोडी लांबली तरी चालते. जात्यावरची ओवी तर सगळ्यात ऐसपैस, कारण जातं फिरेस्तोवर ओळ फिरवता येते. आता दळण चक्कीवर जातं, पण हळदीच्या दिवशी जात्याला सुपारी बांधली की म्हाताऱ्या बायांच्या गळ्यातून ती चाल अजून निघते. ती चाल ज्याला येते त्याच्याकडून उचला, फुकट मिळते. मी निम्मी गाणी माझ्या सासूच्या चालीवर बांधली आहेत. तिनं ती तिच्या आईकडून उचलली होती.

आठ अक्षरं मोजायची माझी पद्धत शाळेतली नाही. अंगठा घ्यायचा आणि चार बोटांची वरची दोन-दोन पेरं मोजत जायची. चार दुणे आठ. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर करायची नाही. मोठ्या अभंगाला हेच गणित सहा-सहा-सहा-चार असं होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याला यमक लागतं. ग्रामगीतेतली ओवी पाहा. पहिले तीन तुकडे यमकात बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तुकडोजी महाराजांनी एकेचाळीस अध्याय या एका साच्यात घातले, तरी ती रोज सायंप्रार्थनेनंतर वाचताना कंटाळा येत नाही. मला विचाराल तर त्याचं कारण तो आखूड चौथा तुकडा आहे. तिथं ऐकणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. पहिलं गाणं बांधणाऱ्यानं ग्रामगीतेचा एखादा अध्याय मोठ्यानं वाचावा आणि बोटांवर मोजत जावं. दोन-तीन संध्याकाळींत कान तयार होतो.

'अंधकार' आणि कंदील

माझी पहिली गाणी पुस्तकी होती. बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली त्या वर्षी मी गाणं बांधलं होतं, "शेतकऱ्याच्या जीवनी दाटलेला अंधकार." अक्षरं मोजलेली होती, यमकही होतं. सासूला म्हणून दाखवलं. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "अंधकार म्हंजे? कंदील इझला का?"

मला राग आला. दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वावरात गेले आणि एक डोमकळी तोडून पाहिली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुलाबी बोंडअळी कळीत शिरली की पाकळ्या आतून चिकटतात, फूल उमलत नाही, न फुललेल्या गुलाबासारखं दिसतं. त्याला डोमकळी म्हणतात. बोंडाचं तर आणखी वाईट. बाहेरून हिरवंगार आणि आत पोखरलेलं. गाण्यात म्हणायचं होतं ते सगळं त्या एका बोंडात होतं. 'जीवन' नको, 'अंधकार' नको.

हिरवं बोंड गं बाई, वरून दिसे साजरं
आत बसली गुलाबी, पोखरते माहं घर

डोमकळी उमलेना, पाकळीले बसे गाठ
धनी बसे हिशोबाले, दिवा जये सारी रात

'गाठ' आणि 'रात' हे यमक तंतोतंत नाही, मला माहीत आहे. एका कवी गुरुजींनी लाल पेनानं त्याखाली रेघ मारली होती. पण म्हणून पाहा, तोंडात दोन्ही शब्द एकाच जागी बसतात. गाण्याचं यमक कानानं तपासायचं असतं, लाल पेनानं नाही.

आणि 'जये'. आमच्याकडे 'ळ' असा सुटा फारसा येत नाही, 'दिवा जये', 'डोये', 'काया'. लिहिताना 'जळे' लिहिलं तरी बाया 'जये'च म्हणतील. मग लिहायचंही तसंच. मात्र वऱ्हाडी लिहायचं म्हणून दर शब्दाला 'बाप्पा' आणि 'बे' चिकटवू नका. तसं बोलून हसवणारे लोक आहेत, त्यांचा धंदा वेगळा.

पातीवर नेऊन ठेवा

या सगळ्यात हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

गाणं बांधून झालं की ते कोणालाही वाचून दाखवू नका. वाचून दाखवलं की माणसं "छान आहे" म्हणतात. छान म्हणून उपयोग नाही. निंदणाच्या दिवशी बायांसोबत पात धरा. पात म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याची पिकाच्या ओळींची पट्टी. सगळ्या एका रांगेत पुढं सरकत असतात, त्यामुळे आवाज दोन्ही बाजूंना जातो. गाणं आपलं आहे असं सांगू नका. नुसतं गुणगुणायला लागा. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला बाजूच्या पातीवरची बाई झील धरते, म्हणजे मागून ओळ उचलते की नाही, ते पाहा. झील धरली तर धृपद जमलं. नाही धरली, तर घरी नेऊन पुन्हा आवळा.

दुसरी गोष्ट. त्या चुकीचं म्हणतील, तेव्हा सुधारू नका. चूक ऐका.

वरचं बोंडाचं गाणं मी असंच पातीवर नेलं होतं. तासाभरानं मला ऐकू आलं की दोन पाती पलीकडली बाई 'आत बसली गुलाबी'च्या जागी काहीतरी वेगळंच म्हणते आहे. ती म्हणत होती, 'आत बसली पावनी.' मी विचारलं, "पावनी काहून वं?" ती म्हणाली, "मंग काय तं! पावनी येते, चार दिस राह्यते, अन् घरच खाऊन जाते. गुलाबी म्हनलं तं लेकराले फराक घेतल्यावानी वाटते." बाकीच्या हसल्या. मी तिथंच शब्द बदलला. अक्षरं तेवढीच होती, आणि माझ्या डोक्यात आठ दिवस फिरूनही जे आलं नसतं ते एका निंदणाऱ्या बाईच्या तोंडून सहज निघालं. तिला वाचता येत नाही. आजही गाणं म्हणायच्या आधी मी सांगते की पावनी माझी नाही, तिची आहे. ती लाजते आणि पदर तोंडाला लावते, पण ऐकायला पुढं येऊन बसते.

वहीत मी डाव्या पानावर माझी ओळ लिहिते आणि उजवं पान कोरं सोडते. बायांनी बदललेलं उजवीकडे येतं. तीन महिन्यांनी दोन्ही पानं वाचली की कळतं, कुठली ओळ कच्ची होती. जी ओळ कोणीच बदलली नाही ती एक तर फार चांगली असते, नाही तर कोणाच्या लक्षातच आलेली नसते. तो फरक ओळखायला मला बरीच वर्षं लागली.

पोळ्याची झडती

नवशिक्यानं झडतीपासून, म्हणजे पोळ्याला म्हणतात त्या यमकाच्या ओळींपासून, सुरुवात करावी असं माझं मत आहे. आखूड असते, तिला चाल लागत नाही, आणि ती जमली की नाही हे जागच्या जागी कळतं.

पोळ्याच्या दिवशी, श्रावणी अमावस्येला, गावाच्या आखरावर तोरण बांधतात, सजवलेल्या बैलजोड्या ओळीनं उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी गडीमाणसं आळीपाळीनं झडत्या म्हणतात. दोन-चार यमकाच्या ओळी, बहुतेक टोमण्याच्या, आणि शेवटी 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव'. सगळा गाव ते 'महादेव' उचलतो. टोमणा बसला असेल तर जोरात उचलतो, नसेल तर कसाबसा.

बायांनी झडती म्हणायची पद्धत आमच्या गावात नव्हती. मी बांधायची आणि माझा दीर म्हणायचा. यवतमाळ-मूर्तिजापूरची नॅरोगेज शकुंतला आमच्या दारव्ह्यावरून जायची. ती बंद पडली, रुळांवर गवत आलं, आणि दर निवडणुकीत कोणी ना कोणी ती सुरू करून द्यायचं बोलायचं. त्या वर्षीची झडती अशी होती:

रूळ रे रूळ, रुळावर धूळ
शकुंतला गेली, राह्यलं खूळ
पोट्टं इचारे, गाडी कवा येनार
बुढा म्हने, तुह्या वरातीत नेनार
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव!

मी बायांमध्ये मागं उभी होते. 'वरातीत नेनार'ला जो हशा झाला त्यानं एका जोडीतला बैल बिथरला. दिराला दोन जणांनी नारळ दिला. घरी आल्यावर त्यानं तो फोडला आणि अर्धी वाटी मुकाट्यानं माझ्या ताटात ठेवली. दोन वर्षांनी पोळ्याला त्यानंच आखरावर सांगून टाकलं, "ह्या झडत्या वयनीच्या हायेत." आता कॉलेजातल्या पोरी तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन आलेल्या लेकरांना झडत्या शिकवायला मला बोलावतात.

झडतीचं एक पथ्य आहे. टोमणा पदावरच्या माणसाला मारायचा. गरिबाच्या घरातलं भांडण, कोणाची पळून गेलेली पोरगी, कोणाची आत्महत्या, हे झडतीत आणायचं नाही. मी एकदा आणलं होतं. त्या घरातल्या बाईनं तीन वर्षं माझ्या अंगणवाडीत लेकरू पाठवलं नाही.

पेटी, खंजेरी आणि काळी चार

आमचं भजनी मंडळ सात जणींचं आहे. शिवाय पेटीवाले भाऊ आणि ढोलकीवर त्यांचा भाचा. बाईनं गाणं बांधलं आणि साथीला पुरुष असले की पहिलं भांडण पट्टीवरून, म्हणजे पेटीच्या कुठल्या स्वरावर गायचं यावरून होतं. भाऊंचं सारं आयुष्य गड्यांच्या भजनात गेलेलं, त्यांचा हात काळी एक-काळी दोनवर जायचा. आमच्या बाया तिथं खाली घोगऱ्या व्हायच्या आणि वरच्या कडव्याला ओरडायच्या. वर्षभर आम्हाला वाटलं, आपलेच आवाज वाईट आहेत. एका हरिनाम सप्ताहात दुसऱ्या गावच्या पेटीवाल्या बाईनं काळी चार दिली, आणि सगळ्या जणी एकदम मोकळ्या गायला लागल्या. आवाज तेच, गळे तेच. म्हणून सांगते, तालमीच्या पहिल्या दिवशी पट्टी ठरवा. मुख्य गाणारीची नाही, झील धरणाऱ्या सगळ्यात कमजोर बाईची. भाऊ आठ दिवस फुगून होते. मग म्हणाले, "काळी चारवर माहा हात बसत नव्हता, म्हनून बोललो." एवढं कबूल करणारा साथीदार मिळाला तर त्याला सोडू नका.

ठेका साधा ठेवा. आठ मात्रांचा भजनी किंवा केरवा, बस. खंजेरी कातड्याची असेल तर पावसाळ्यात ढिली पडते. तिला निखाऱ्यापासून हातभर लांब धरून शेकायची, जवळ नेली तर कातडं फाटतं. हल्ली फायबरच्या पानाची मिळते, ती शेकावी लागत नाही पण तिचा आवाज मला पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा लागतो.

आणि झील करणाऱ्यांना काम द्या. सगळं आपणच गायचं आणि मागच्यांनी नुसतं धृपद ओढायचं, अशानं त्या डुलक्या घेतात. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांकडूनच काढून घ्यायचे. मी ते गाण्यात आणलं. एक ओळ प्रश्न, एक ओळ उत्तर. प्रश्न मी विचारते, उत्तर मागून येतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या कडव्यापासून समोर बसलेले लोकही उत्तर द्यायला लागतात.

कोणाकोणासाठी बांधायचं

खेड्यात गाणारीला निवड करायची चैन नसते. भागवत सप्ताह, तेरवीचं भजन, भीमजयंती, दुर्गादेवीचं मंडळ, बचत गटाचा मेळावा, सगळीकडे बोलावणं येतं. भीमजयंतीला मी पहिल्यांदा गेले तेव्हा बौद्धपुऱ्यातल्या एका आजीनं आधी मला ऑक्टोबर १९५६ ची गोष्ट सांगितली. तिचा बाप नागपूरच्या धम्मदीक्षेला गेला होता. "हे ऐक, मंग बांध," म्हणाली. दुसऱ्याच्या चौकात गाणं घेऊन जायचं असेल तर आधी तिथं बसून ऐकावं लागतं. जयंतीच्या गायकांचा टिपेचा आवाज, दोन पार्ट्यांचा रात्रभरचा सवाल-जवाब, हे मी तिथंच शिकले.

योजनांची गाणी मी बांधली आहेत. पैसे मिळाले. योजना संपली आणि गाणं दुसऱ्या दिवशी मेलं. एक कडवंसुद्धा मला आठवत नाही. पैशाची गरज असेल तर बांधा, पण आपली चांगली चाल त्यात खर्च करू नका.

बिदागी आधी बोला. आमची अडचण अशी की देवाच्या कामाचे पैसे कसे मागायचे. मी असं म्हणते, "भजनाचे काई नोका देऊ, पन ऑटोचे, पेटीवाल्याचे अन् सात जनीच्या बुडालेल्या रोजीचे द्या." हिशोब असा मांडला की कोणी हरकत घेत नाही.

कापसाच्या खोलीतलं रेकॉर्डिंग

स्टुडिओला पैसे घालायची घाई करू नका. पौष महिन्यात भाव वाढायची वाट पाहत कापूस घरात भरून ठेवलेला असतो ना, ती खोली म्हणजे स्टुडिओच. कापूस आवाज पिऊन टाकतो, भिंतीचा घुमारा येत नाही. फोन विमान मोडवर, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'भ'ची फुंकर लागत नाही. पहाटे ट्रॅक्टर सुरू व्हायच्या आत उरका. फक्त तासाभराच्या वर बसू नका, साठवलेल्या कापसानं अंगाला अशी खाज सुटते की दोन दिवस खोबरेल लावत बसाल.

आता कडू भाग. माझं एक गाणं एका माणसानं असंच फोनवर मागून घेतलं. "ताई, ऐकायला पाठवा," म्हणाला. दोन महिन्यांनी ते एका व्हिडिओत आलं, खाली गीतकार म्हणून त्याचंच नाव. तारीख घातलेली वही नव्हती म्हणून मी भांडू शकले नाही. तेव्हापासून प्रत्येक गाण्याखाली तारीख घालते आणि म्हटलेलं गाणं त्याच दिवशी तीन ओळखीच्या माणसांना व्हॉट्सॲपवर पाठवते.

मग एका वकील पोरीकडून समजून घेतलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं गाणं बांधलं आणि लिहिलं की हक्क आपलाच. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, केली तर पुरावा होतो. हक्क हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. कोणाला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, म्हणून 'कायमचे हक्क' असा शब्द असलेल्या कागदावर चहाच्या टपरीवर सही करू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा लिहूनही काढून घेता येत नाही. पण जी चाल सासूची, ती माझी नाही. तिथं मी 'पारंपरिक चाल' असंच लिहिते, आणि पावनीच्या गाण्याखाली दोन नावं असतात.

कार्यक्रमाच्या पत्रिका, स्पर्धेची प्रमाणपत्रं, पेपरची कात्रणं एका पिशवीत ठेवा. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांचं मानधन मागायची वेळ येते तेव्हा इतकी वर्षं गायलात याचे कागद लागतात, आणि आमच्या अर्ध्या म्हाताऱ्या गाणाऱ्यांकडे आवाजाशिवाय काहीच नसतं.

सध्या मी सोयाबीनवर अडले आहे. कापसावर गाणी पैशाला पासरी आहेत, सोयाबीनवर माझ्या ऐकण्यात एकही नाही, कारण या पिकाला धड जुना शब्दच नाही. आणि 'सोयाबीन'ला यमक सापडेना. परवा पातीवर बोलून दाखवलं तर पावनीवालीच ओरडली, "मशीन घे नं वं! हार्वेस्टर येते अन् सोंगनीची रोजी खाते." यमक बसलं. पण आठ अक्षरांत 'हार्वेस्टर' म्हणून पाहिलं तर बाया अडखळतात, एक 'हारवेटर' म्हणते, दुसरी 'हारवेस'. दसऱ्याच्या आधी सोंगणी लागेल, तोवर उजवं पान कोरं आहे.